सुती दोऱ्याची खिडकी

गनर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
७ मे २००९

गार्लंड,

तुझं घर माझ्या स्वयंपाकघरातून दिसतं. मध्ये काय ते पाणी. तरी पत्र लिहितोय, कारण फोनवर तू ओरडायला लागलास की मला उत्तर सुचत नाही, आणि तुझ्या बहिणीला, ड्रुसीला, पुरलं त्या दिवसापासून तुझ्या दारात पाय ठेवायचा नाही असं मी ठरवलंय. पोस्टातली पर्ल म्हणाली, हे आधी मोटारीने शहरात जाणार, तिथे शिक्का बसणार, मग सगळी खाडी फिरून तुझ्या काठावर येणार. जाऊ दे. तेवढ्या वेळात तुला खरं बोलायची बुद्धी झाली तर बरंच.

मुद्दा असा, की माझे शेवंडीचे सापळे कोणीतरी उघडतंय.

टोकाच्या खडकापाशी लावलेला सापळा वर ओढावा, तर बाजूची लहान खिडकी लोंबत असते. आमिषाचे हेरिंग मासे गेलेले आणि आत एकही शेवंड नाही. पहिल्यांदा मी म्हटलं, सील असेल. पण रोज? आणि फक्त टोकापाशीच? बंदराच्या तोंडाशी लावलेल्या एकाही सापळ्याची खिडकी उघडलेली नाही. का, ते मी सांगतो. बंदराचं तोंड सगळ्या घरांतून दिसतं, टोकाचा खडक कुठूनच दिसत नाही. तिथून पहाटे एकच होडी जाते, हिरव्या पट्ट्याची. ती कोणाची ते तुला सांगायला नको.

खिडकी सुती दोऱ्याने बांधायची हा सरकारी नियम. सापळा समुद्रात हरवलाच, तर दोरा कुजावा, खिडकी उघडावी आणि आतले जीव सुटावेत म्हणून. नियम करणाऱ्यांनी चोराची चांगली सोय केली. तारेचा पिंजरा तोडायला पक्कड लागते. दोऱ्याला नख पुरतं. मी तुटलेली टोकं पुन्हा बांधून सोडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यंदा मी सापळे एकट्याने उतरवले. ड्रुसी फेब्रुवारीत गेली, तेव्हापासून सापळ्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. एप्रिलमध्ये दार उघडलं, दाराजवळचे सापळे आधी होडीत भरले आणि टोकापाशी टाकले. आतले, शेगडीजवळचे, नंतर बंदरापाशी. छातीत इतकं धडधडत होतं की होडीतच आडवा होतो की काय असं वाटलं. ज्याने मदतीला यायचं तो बायकोचा भाऊ माझ्या शेवंडी खातोय.

मला झोप लागत नाही. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही, मग वाटतं दोनदा घेतली. हे थांबव.

लिअँडर हॉलेट


पिंचर्स आर्म
१२ मे

स्किपर हॉलेट,

मला चोर म्हणायला केवढं मोठं पत्र!

माझा बाप त्या खडकापाशी सापळे लावत होता तेव्हा तुमच्या घरात कोणाला वल्हं धड धरता येत नव्हतं. ती जागा आमची. ड्रुसीशी लग्न केलंस म्हणून तुला तिथे शिरकाव मिळाला. आता ती नाही, आणि तुला तिथे मीही नको आहे. तुझ्या पत्राचा एवढाच अर्थ मला लागला.

चोर सापळ्याचं मोठं दार सोडून खिडकी कशाला उघडेल रे? माझे पंजे कधी पाहिलेस? त्या खिडकीतून हात घालून शेवंड काढायची तर आधी तिची समजूत घालावी लागेल.

आणि म्हणे दोरा नखाने तुटतो. हिवाळ्यात बांधलेला दोरा मे महिन्यात तुटत नाही, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे एकतर तू खोटं बोलतोयस, नाहीतर तुला गाठ मारता येत नाही. मला दोन्ही खरं वाटतं.

मदतीला का आलो नाही, विचारतोस? बहिणीला मातीत ठेवून चर्चच्या हॉलमध्ये आलो, सँडविचच्या ताटापाशी उभा होतो, आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, "ती अंथरुणावर होती तेव्हा फिरकला नाही, आता खायला आलाय." रस्ता बर्फाने बंद होता, लिअँडर. तुला ते माहीत होतं.

तिच्या थडग्यावर तू ठेवलेलं प्लास्टिकचं पुष्पचक्र पाहिलं. दात घासायच्या पेस्टचा रंग. ड्रुसी असती तर तिने ते कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगलं असतं.

गार्लंड कीपिंग


गनर्स कोव्ह
२० मे

गार्लंड,

पुष्पचक्राबद्दल बोलायचं काम नाही. तू आणलेली खरी फुलं तिसऱ्या दिवशी काळी पडली होती. माझं चक्र अजून आणलं तसंच आहे. वारा, गारा, कशाने त्याला काही होत नाही. मला ती चढण रोज चढवत नाही. मी गेलो नाही तरी तिथे काहीतरी आहे, एवढं मला घरी बसून वाटायला हवं.

आता ऐक. तू सापडलास.

टोकापाशीच्या प्रत्येक सापळ्याची खिडकी मी नायलॉनने बांधली. बारीक हिरवा नायलॉन, तीन-तीन वेढे, आणि गाठी मेणबत्तीवर वितळवून पक्क्या केल्या. जुना दोरा काढतही बसलो नाही, त्याच्यावरूनच बांधला. दुसऱ्या दिवशी सापळे भरलेले! एकात तर चार शेवंडी. एकही खिडकी उघडी नाही. सुती दोरा होता तोवर चोर होता, नायलॉन आला आणि चोर गेला. सील नायलॉन बघून घरी जातो का? माणूस जातो.

खिडकीच का, तेही मला कळलं. दार उघडं दिसलं असतं तर मी लगेच चोर म्हटलं असतं. खिडकी लोंबताना दिसली की म्हातारा म्हणेल, दोरा गेला वाटतं. मी चौथीत शाळा सोडली म्हणून इतका काही खुळा नाही.

आणि दोऱ्याचं मला शिकवू नकोस. हे सापळे पंधरा वर्षं माझ्याकडे आहेत. पंधरा वर्षं तोच दोरा आहे, एकदाही तुटला नाही. बरा याच वर्षी तुटायला लागला!

१ जूनला होड्यांच्या धक्क्याच्या समितीची बैठक आहे. त्याआधी दोन ओळींत कबूल केलंस तर मी गप्प बसेन. नाहीतर सगळ्यांपुढे तुझं नाव घेईन.

लिअँडर


पिंचर्स आर्म
२६ मे

लिअँडर,

पंधरा वर्षं तोच दोरा! थाप मारताना थोडा हात आखडता घ्यावा माणसाने. समितीपुढे हे वाक्य जरूर म्हण. लोक हसून हसून धक्क्यावरून पाण्यात पडतील.

कबूल काय करू? तुझ्या एका शेवंडीला मी हात लावलेला नाही. जा, घे नाव.

पण नायलॉन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मासेमारी खात्याचे अधिकारी आले तर परवाना जाईल, तो तुझा प्रश्न. माझा प्रश्न वेगळा आहे. आग्नेयेचा वारा एकदा सुटला की टोकापाशी सापळ्यांचे दोर तुटतात. दर वर्षी कोणाचे ना कोणाचे तुटतात. बापाच्या वेळी हरवलेला लाकडी सापळा दोन हिवाळ्यांत किडे खाऊन टाकायचे, मागे आतला वजनाचा दगड उरायचा. तुझ्या तारेला कोण खाणार? तिच्यावर प्लास्टिकचा थर. ती कुजणार नाही की मोडणार नाही. त्या पिंजऱ्यात मरणारी एकच वस्तू आहे, तो सुती दोरा. तो मेला की बाकीचे जगतात. आणि नेमका तोच तू निकामी केलास!

मागे मी तसला एक सापळा वर काढला होता. कोणीतरी तारेने खिडकी बांधलेली. आत शेवंड मरते, तिच्या वासाने दुसरी येते, ती अडकते, मरते, मग तिसरी. तळाशी कवचांचा थर होता, त्यावर आणखी थर. वर बसलेली एक जिवंत होती, स्वतःच्याच नात्यागोत्यावर.

ते नायलॉन काप. माझ्यासाठी नको, त्या जागेसाठी. मग मला खुशाल चोर म्हण.

गार्लंड


गनर्स कोव्ह
४ जून

गार्लंड,

नाव घेतलं. तू ऐकलंसच.

पंधरा वर्षांचं वाक्य मी बोललो नाही. लोक हसतील म्हणालास, ते डोक्यात राहिलं. एवढंच सांगितलं की माझ्या खिडक्या उघडतात, आणि टोकावरून कोणाची होडी जाते ते. नायलॉनबद्दलही बोललो नाही, ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. मला वाटलं होतं तू ओरडशील. तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. निरपराध माणूस असा जातो का? मी एझ्राला तेच म्हणालो. तो समितीचा अध्यक्ष. मग म्हणाला, "अधिकारी येऊन चौकशी होईपर्यंत गार्लंडने धक्क्याला होडी लावू नये, आणि बर्फघरातलं आमिष घेऊ नये." सगळ्यांनी हात वर केले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. तुझ्या रिकाम्या खुर्चीकडेही नाही.

बाहेर पडताना एझ्राची बायको म्हणाली, "लिअँडर, ड्रुसीचा भाऊ ना रे तो?" मी म्हटलं, म्हणून काय झालं. घरी आल्यावर चहा ओतला आणि तसाच थंड होऊ दिला.

नायलॉन कापणार नाही. कापलं की तू पुन्हा सुरू करशील.

दोन दिवस हवा जड आहे. गुडघे दुखतायत.

लिअँडर


गनर्स कोव्ह
११ जून

गार्लंड,

आग्नेयेचा वारा आला. तुझ्याकडेही आलाच असेल.

टोकापाशीची माझी सापळ्यांची रांग गेली. वर तरंगणारे बोये नाहीत, दोर नाहीत, काही नाही. तीन दिवस शोधतोय. बंदरापाशीचे सगळे शाबूत आहेत.

तू शाप दिलास असं मी म्हणत नाही. माझा त्यावर विश्वास नाही. पण पत्रात लिहिलंस आणि तसंच झालं, हे मला बरं वाटत नाही. शेवंडी भरलेल्या होत्या. खिडक्या बंद आहेत. डोळे मिटले की मला तो तू लिहिलेला थर दिसतो. असलं लिहायची तुला काय गरज होती?

केशरी बोये, वर पांढरी रेघ. दिसले तर कळव. न कळवायचं असेल तर नको कळवूस.

लिअँडर


पिंचर्स आर्म
२१ जून

लिअँडर,

तुझ्यासाठी गेलो नव्हतो. माझेही चार सापळे गेले होते, म्हणून लोखंडी आकडा टाकून तळावरून ओढत होतो. धक्का बंद आहे, दुसरं काम काय? आमिष नाही, तर हंगामही नाही. आमच्या पोस्टातली बाई तुझी पत्रं माझ्याकडे काउंटरवरून ढकलते, हातात देत नाही. चाळीस वर्षं त्या धक्क्यावर मी लोकांच्या होड्या बांधून घेतल्या, आणि आता मी आलो की बायका मासे झाकतात.

आकड्याला तुझा सापळा लागला. आत पाच शेवंडी. एक मेलेली, बाकीच्यांनी तिला पोखरलेलं. त्यांना सोडून दिलं. मग तुझं ते नायलॉन सुरीने कापत बसलो, शिव्या देत. त्याच्या खाली जुन्या दोऱ्याचं टोक जाळीत अडकून राहिलं होतं, गाठीसकट.

ती गाठ बापाची आहे. डाव्या हाताने उलटा पीळ द्यायचा आणि टोक आत घालायचं. बापाने ती दोघांनाच शिकवली, मला आणि ड्रुसीला. तुला नाही.

दोरा मी बोटांत धरला तर त्याचा भुगा झाला. तो गेल्या वर्षीचा होता, लिअँडर. या हिवाळ्याचा नव्हता. तेव्हा तुझी ती थाप मला आठवली. पंधरा वर्षं तोच दोरा! ती थाप नव्हती. तुला खरंच माहीत नव्हतं.

सुती दोरा दर हिवाळ्याला बदलायचा असतो, मूर्खा. एक हंगाम तो खाऱ्या पाण्यात काढतो, पुढच्या हंगामात पहिल्याच धक्क्याला तुटतो. या खाडीत हे सगळ्यांना माहीत आहे, इतकं की कोणी बोलूनही दाखवत नाही. मी धरून चाललो की तू तुझे बदलतोस. तू धरून चाललास की दोरा दोराच असतो. आणि ती पंधरा हिवाळे तुझ्या शेडमध्ये बसून तुझ्या खिडक्या बांधत होती. ती तिथे काय करते असं तुला वाटायचं?

चोर कोणी नव्हता. माझं नाव तुझ्या तोंडून गेलं, आता तुझ्याच तोंडून परत आलं पाहिजे. एझ्रापुढे, सगळ्यांपुढे. नायलॉनसकट.

गार्लंड


गनर्स कोव्ह
३० जून

गार्लंड,

तुझं पत्र आलं आणि मी तीन दिवस शेडमध्ये गेलो नाही. मग गेलो.

मला वाटायचं ती तिथे रेडिओ ऐकायला जाते. शेगडीची ऊब असते, घरात माझी कुरकुर असते. मी कधी चहा घेऊन गेलो तर ती सापळ्याला पाठ लावून बसलेली असायची. म्हणायची, "काय हवंय? जा, हवा आत येतेय." मी जायचो.

तिच्या खुर्चीखाली खाऱ्या मांसाची जुनी बादली आहे. ती जुन्या दोऱ्यांच्या तुकड्यांनी अर्धी भरलीय. करडे, कुजके, शेगडी पेटवायला ठेवलेले. वर सुती दोऱ्याचा नवा गुंडा, त्यात सुरी खोचलेली. मी बंदरापाशीचे सापळे वर काढून पाहिले. प्रत्येक खिडकीला पांढरा दोरा आणि तीच उलटी गाठ. तिने शेगडीपासून सुरुवात केली होती, गार्लंड. दाराकडे येत होती. जानेवारीच्या शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा निम्मे झाले असतील. दाराजवळचे राहिले. तेच मी आधी उचलले आणि टोकापाशी टाकले.

तिने मला सांगितलं का नाही? अंथरुणावर असताना दोनदा म्हणाली, "शेडमध्ये माझं काम राहिलंय." मी म्हटलं, "शेडचं काय घेऊन बसलीस, गोळी घे."

काल समितीपुढे उभा राहिलो. एझ्राने खुर्ची पुढे केली, पण मी बसलो नाही. सगळं सांगितलं. पंधरा वर्षं तोच दोरा, हेही म्हटलं. तू म्हणालास तसं कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अधिकारी बाई आल्या होत्या. नायलॉनचं त्यांना मीच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "परवान्याचं हिवाळ्यात कळवू." धक्का तुला मोकळा झालाय. बर्फघरही.

तुझ्या हंगामाचे शेवटचे दिवस राहिलेत, ते मी भरून देऊ शकत नाही. माझ्या बाकीच्या रांगेसाठी आकडा टाकायचाय. मला एकट्याला ओढवत नाही. ये असं मी म्हणत नाही.

लिअँडर


पिंचर्स आर्म
५ जुलै

गुरुवारी भरती ओसरली की येतो. माझ्या होडीने. तू पुढे बसायचंस आणि बोलायचं नाही.

गार्लंड


गनर्स कोव्ह
१९ जुलै

गार्लंड,

दोन दिवस होडीत तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, म्हणून लिहावं लागतंय. तू शिळा पाव खाल्लास, पण मी आणलेला बेरीचा मुरंबा घेतला नाहीस. ते मी पाहिलं.

तीन सापळे मिळाले नाहीत. तू दोर गुंडाळलास तेव्हाच मला कळलं की आता मिळणार नाहीत. रोज सकाळी खिडकीतून टोकाकडे बघतो. तिने बांधलेले असते तर पुढच्या वर्षी कधीतरी आपोआप उघडले असते आणि कोणाला कळलंही नसतं. हे मी बांधलेत. गाठी वितळवून. मी मेलो तरी ते उघडायचे नाहीत.

पुष्पचक्र काढलेलं नाही, तुझ्या सांगण्यावरून तर मुळीच नाही. त्याच्याखालचं गवत पिवळं पडलं होतं, म्हणून थोडं बाजूला सरकवलं.

बंदरापाशीचे सापळे आता शेडमध्ये आणलेत. तिचे दोरे करडे व्हायला लागलेत. कापवत नाहीत. वाटलं, वार्निश मारून दोन-चार गाठी तरी जपाव्यात. मग तू लिहिलेलं आठवलं, की त्या पिंजऱ्यात मरणारी तेवढी एकच वस्तू आहे. परवाना राहिला तर हिवाळ्यात सगळे कापून बादलीत टाकावे लागतील, आणि नवे बांधावे लागतील. बादलीवर झाकण ठेवलंय, उंदीर फार झालेत.

ती गाठ मला येत नाही. तुझ्या बापाने मला शिकवली नाही, तिने मला दाखवली नाही, कारण मी विचारलं नाही. कागदावर काढून पाठव. बाणबिण काढ, म्हणजे कळेल.

लिअँडर


पिंचर्स आर्म
२५ जुलै

लिअँडर,

ती गाठ कागदावर काढता येत नाही. हातातच यावी लागते.

पहिला बर्फ पडायच्या आत येईन, यंदा रस्ता बंद होण्याची वाट बघणार नाही. शेगडी पेटवून ठेव. मी दाराजवळ बसेन, तू आत. तिच्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही. परवाना गेला तरी बांधायचे, मग ते सापळे कोणी का घेईना.

याचा अर्थ मिटलं असा घेऊ नकोस. माझ्या बापाच्या जागी तुझे तीन सापळे अजून भरतायत.

गार्लंड